अपुऱ्या कारकिर्दीचा मान

क्रीडासंघाने आपल्या एखाद्या थोर खेळाडूच्या जर्सीवरील क्रमांक कायमचा निवृत्त करावा, तो पुढे संघातील कोणाही नवागतास देऊ नये, आणि त्याची खूण म्हणून त्या क्रमांकाचा ध्वज क्रीडागृहाच्या छताशी टांगून ठेवावा, हा शिरस्ता अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये आता पुरता रुळला आहे. ज्याने दहाबारा वर्षे एकाच संघाची सेवा केली आणि त्यास अजिंक्यपदे मिळवून दिली, त्याच्याविषयी कोणी वाद घालीत नाही. वाद उपस्थित होतो तो निराळ्याच कोटीतील खेळाडूविषयी: ज्याची प्रतिभा निर्विवाद होती, ज्याने काही वर्षे सारे नगर आपल्या खेळाने भारून टाकले, परंतु ज्याच्या गुडघ्याने किंवा पावलाने ऐन बहरात साथ सोडल्यामुळे ज्याची कारकीर्द अर्ध्यावरच खंडित झाली. अशा खेळाडूस हा मान बहाल करावा काय? पोर्टलंडच्या ट्रेल ब्लेझर्स संघाचा ब्रँडन रॉय आणि त्याचा ७ हा क्रमांक यांच्या निमित्ताने ह्या प्रश्नाचा ऊहापोह वर्षानुवर्षे चालत आला आहे. आणि शिकागोच्या बुल्स संघाने डेरिक रोझचा १ हा क्रमांक निवृत्त करण्याचे २०२५ च्या जानेवारीत जाहीर केल्यापासून त्यास नवे बळ मिळाले आहे. पूर्वीचे दाखले, दोन्ही पक्षांची कैफियत आणि त्यांतून निघणारा न्याय यांचा एकत्र विचार करण्याची वेळ म्हणूनच आली आहे.

ह्या विचाराचा आरंभ चालीच्या उगमापासूनच करावा लागेल. कारण जे लोक हा मान केवळ दीर्घ आणि अखंड सेवेसाठीच राखून ठेवावा असे म्हणतात, त्यांना ह्या उगमाचे विस्मरण झालेले दिसते. १२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टन येथे बर्फावरील हॉकीच्या सामन्यात एडी शोर याने टोरोंटो मेपल लीफ्सच्या एस बेली यास मागून धडक दिली. बेलीचे मस्तक बर्फावर आदळून कवटी फुटली, काही काळ त्याच्या जिवाचीच शाश्वती राहिली नाही, आणि जीव वाचला तरी खेळ मात्र कायमचा संपला. पुढे १४ फेब्रुवारी १९३४ रोजी त्याच्या साहाय्यार्थ टोरोंटोत जो सामना भरविण्यात आला, त्या प्रसंगी बेलीने शोरशी सर्वांसमक्ष हस्तांदोलन केले आणि मेपल लीफ्सने त्याचा ६ हा क्रमांक निवृत्त केला. व्यावसायिक खेळांतील ह्या प्रथेचा पहिला दाखला तो हाच. बेसबॉलमध्ये हा मान प्रथम मिळाला तो न्यूयॉर्क यांकीज संघाच्या लू गेरिगला. सलग २१३० सामने खेळलेल्या त्या बलाढ्य पुरुषास असाध्य व्याधीने ग्रासल्यामुळे १९३९ साली खेळ सोडावा लागला, तेव्हा संघाने त्याचा ४ हा क्रमांक पुन्हा कोणास द्यावयाचा नाही असे ठरविले. तात्पर्य, ही प्रथा जन्मास आली ती विजयांची मोजदाद करण्यासाठी नव्हे. ज्याचा खेळ दैवाने अवेळी हिरावून घेतला, त्याचे स्थान दुसऱ्या कोणी नकळत व्यापू नये, ह्या कृतज्ञ भावनेतून ती जन्मास आली. अजिंक्यपदे आणि उच्चांक ह्या कसोट्या तिला मागाहून चिकटल्या.

बास्केटबॉलच्या इतिहासातही ह्या मूळ भावनेचा एक हृदयस्पर्शी दाखला आहे. रॉयल्स संघाचा मॉरिस स्टोक्स १९५६ साली वर्षातील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला होता. आपल्या तिसऱ्याच मोसमाच्या अखेरीस, मार्च १९५८ मध्ये, तो एका सामन्यात डोक्यावर पडला, शुद्धीवर येऊन पुन्हा खेळला, आणि काही दिवसांतच मेंदूस झालेल्या इजेमुळे त्याचे सर्व शरीर लुळे पडले. त्याचा सहकारी जॅक ट्वायमन याने कायदेशीर पालकत्व पत्करून १९७० साली स्टोक्सचे निधन होईपर्यंत त्याचा सांभाळ केला. बास्केटबॉलच्या सन्मानगृहात त्याचा प्रवेश झाला तो मात्र २००४ साली. अवघे २०२ सामने खेळलेल्या ह्या पुरुषाचा १२ हा क्रमांक आज तो संघ, गाव व नाव बदलून सॅक्रामेंटो किंग्ज झाल्यावरही, निवृत्त म्हणूनच पाळतो.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडले पाहिजे, कारण ते उथळ नाही. त्यांचा पहिला मुद्दा व्यवहाराचा आहे. क्रमांक मर्यादित आहेत. बोस्टन सेल्टिक्ससारख्या जुन्या संघाने वीसाहून अधिक क्रमांक बाजूस काढल्यामुळे तेथे येणाऱ्या नव्या खेळाडूस निवडीस फारसा वाव उरलेला नाही, आणि मान जितका सढळ हाताने द्यावा तितकी त्याची किंमत उतरते. दुसरा मुद्दा न्यायाचा आहे. वर्षानुवर्षे शरीर राखणे, थकवा आणि कंटाळा यांवर मात करून प्रत्येक मोसमात संघाच्या सेवेस रुजू होणे, हाही एक मोठा गुणच होय. टेरी पोर्टरसारख्या खेळाडूने पोर्टलंडसाठी दहा मोसम खर्ची घालून संघास १९९० आणि १९९२ अशा दोन अंतिम मालिकांपर्यंत नेले, तरी त्याचा क्रमांक निवृत्त होण्यास २००८ साल उजाडावे लागले, मग पाच वर्षांच्या मानकऱ्याने त्याच पंक्तीत का बसावे? तिसरा मुद्दा मोबदल्याचा: ह्या खेळाडूंना त्यांच्या करारान्वये कोट्यवधी डॉलर्स मिळालेले असतात, आणि दुखापतीनंतरही बहुतेक रक्कम हाती पडते, तेव्हा संघावर त्यांचे काही देणे शिल्लक राहिले असे कसे म्हणावे? चौथा मुद्दा सर्वांत मार्मिक आहे. दुखापतग्रस्त खेळाडूविषयी बोलताना माणसे त्याने काय केले यापेक्षा त्याने काय केले असते याचेच वर्णन करू लागतात, आणि न घडलेल्या पराक्रमास ध्वज अर्पण करणे म्हणजे इतिहासाच्या जागी हळहळ प्रतिष्ठापित करणे होय.

ह्या आक्षेपांची परीक्षा पोर्टलंडमध्येच उत्तम होते, कारण दुखापतीची जितकी झळ त्या नगराने सोसली तितकी क्वचितच कोणी सोसली असेल, आणि त्या बाबतीतले त्याचे स्वतःचे पायंडेही ठळक आहेत. संघाच्या अगदी आरंभीच्या दिवसांतील जेफ पेट्री हा १९७१ साली सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडूचा मान विभागून मिळविणारा नेमबाज. सहा मोसमांनंतर गुडघ्याने त्याची कारकीर्द संपविली, तरी त्याचा ४५ हा क्रमांक निवृत्त झाला. लॉइड नील यालाही गुडघ्यांनीच घरी बसविले; त्याचा ३६ हा क्रमांकही वर चढला. आणि ह्या सर्वांचा शिरोमणी म्हणजे बिल वॉल्टन. १९७४ च्या निवडीत पहिल्या क्रमांकाने आलेल्या ह्या उत्तुंग खेळाडूने १९७७ साली पोर्टलंडला त्याचे एकमेव अजिंक्यपद मिळवून दिले. पुढल्या मोसमात पहिल्या ६० सामन्यांपैकी ५० जिंकून संघ अजिंक्य भासू लागला असतानाच त्याचे पाऊल जायबंदी झाले, आणि केवळ ५८ सामने खेळूनही त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. वेदनाशामक औषधाच्या आधारे तो निर्णायक फेरीत उतरला, तो पावलाचे हाड मोडल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर संघाच्या वैद्यकीय व्यवस्थेविरुद्ध जाहीर तक्रार करून त्याने संपूर्ण एक मोसम खेळण्यास नकार दिला आणि १९७९ साली तो सॅन डिएगोस निघून गेला. पोर्टलंडसाठी त्याने खेळलेले सामने भरतात अवघे २०९. इतके असूनही, आणि मने इतकी दुखावलेली असूनही, १९८९ साली संघाने त्याचा ३२ हा क्रमांक निवृत्त केला. तो निर्णय चुकला असे आज पोर्टलंडात कोणी म्हणत नाही.

वॉल्टनच्या पदरी अजिंक्यपद होते, रॉयच्या पदरी नव्हते, हा भेद खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. तथापि पेट्रीनेही पोर्टलंडसाठी अजिंक्यपद जिंकले नव्हते, पोर्टरनेही नव्हते, किंवा ज्याचा २२ हा क्रमांक तेथे निवृत्त आहे त्या क्लाइड ड्रेक्सलरनेही तेथे असताना जिंकले नव्हते. अर्थात अजिंक्यपद ही त्या संघाची अट कधीच नव्हती. मग रॉयने नेमके काय केले हे पाहावयास हवे. २००५-०६ च्या मोसमात ब्लेझर्सनी ८२ पैकी केवळ २१ सामने जिंकले होते. त्याच्या आधीच्या वर्षांत खेळाडूंच्या बेशिस्तीने आणि पोलीस-कचेरीच्या वार्तांनी संघाची अब्रू इतकी गेली होती, की पिढ्यान्‌पिढ्या संघावर जीव लावणारी कुटुंबेही त्याचे नाव काढीनाशी झाली होती. अशा वेळी, २००६ च्या निवडीच्याच दिवशी अदलाबदलीने, सिॲटलचा हा शांत, विचारी तरुण पोर्टलंडास आला. तो वर्षाचा सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरला, २००८ ते २०१० अशी सलग तीन वर्षे ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला, १८ डिसेंबर २००८ रोजी फिनिक्सविरुद्ध त्याने एकट्याने ५२ गुण केले, आणि २००८-०९ च्या मोसमात संघाने ५४ सामने जिंकून २००३ नंतर प्रथमच निर्णायक फेऱ्यांत प्रवेश केला. गुणांपेक्षाही मोलाची गोष्ट ही, की त्याच्यामुळे एका नगराला आपला संघ परत मिळाला.

परंतु गुडघ्यांतील कूर्चा झिजत चालली होती. १६ एप्रिल २०१० रोजी त्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि आठच दिवसांनी तो फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात मैदानावर उतरला. पुढल्या मोसमात, जानेवारी २०११ मध्ये, दोन्ही गुडघ्यांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. परतला तो राखीव खेळाडू म्हणूनच. त्या वसंतात डॅलसविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या सामन्यात त्याला जेमतेम आठ मिनिटे खेळावयास मिळाले, एकही गुण करता आला नाही, आणि त्याचे डोळे भरून आले. चारच दिवसांनी, २३ एप्रिल २०११ रोजी, चौथ्या सामन्यात पोर्टलंड २३ गुणांनी मागे पडले असताना रॉयने अखेरच्या चतुर्थांशात एकट्याने १८ गुण केले आणि संघाने ८४-८२ असा विजय मिळविला. ज्या डॅलसला त्याने त्या रात्री नमविले, तोच संघ पुढे त्या वर्षीचा विजेता ठरला. डिसेंबर २०११ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, रॉयने निवृत्ती जाहीर केली. पुढे मिनेसोटाकडून पाच सामन्यांचा अल्प प्रयत्न झाला, तो सोडल्यास सारे संपले होते. पोर्टलंडसाठी ३२१ सामने आणि सामन्यामागे सरासरी १९ गुण, असा त्याचा हिशेब मांडला आहे.

त्याच्याच काळातील दुसऱ्या एका थोर खेळाडूशी ह्या हिशेबाची तुलना उद्‌बोधक ठरेल. ६ नोव्हेंबर २००८ रोजी पोर्टलंडात ह्यूस्टन रॉकेट्सशी जादा वेळेपर्यंत रंगलेल्या सामन्यात याओ मिंगने दोन सेकंदांहूनही कमी अवधी उरला असता ह्यूस्टनला एका गुणाची आघाडी मिळवून दिली, आणि ०.८ सेकंद उरला असताना रॉयने तीस फुटांच्या अंतरावरून चेंडू टाकला तो कड्यातून आरपार जाऊन पोर्टलंड १०१-९९ असे जिंकले. त्या रात्रीच्या ह्या दोन्ही नायकांना २०११ साली, काही महिन्यांच्या अंतराने, शरीरानेच निवृत्त केले: एकास पावलांनी, दुसऱ्यास गुडघ्यांनी. याओची ४८६ सामन्यांची कारकीर्दही अपुरीच म्हणावी लागेल. ह्यूस्टनलाही त्याने अजिंक्यपद मिळवून दिले नाही. तरी ३ फेब्रुवारी २०१७ रोजी त्याचा ११ हा क्रमांक निवृत्त झाला, आणि तो योग्यच झाला, कारण चीनमधील असंख्य लोकांना ह्या खेळाशी जोडण्याचे त्याचे कार्य सामन्यांच्या संख्येत मावणारे नव्हते. शिकागोचा रोझ तर त्याच नगराचा सुपुत्र. २०११ साली वयाच्या बाविसाव्या वर्षी तो लीगच्या इतिहासातील सर्वांत तरुण सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला, त्या मोसमात बुल्सनी ६२ सामने जिंकले, आणि २८ एप्रिल २०१२ रोजी, सामना जवळपास जिंकलेला असताना, डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटून सारे चित्र पालटले. पुढचा संपूर्ण मोसम तो खेळला नाही, त्यापुढच्या मोसमात अवघे दहा सामने खेळला, डॉक्टरांनी परवानगी दिली असता तो उतरत का नाही म्हणून त्याच्यावर कठोर टीकाही झाली. तरी २०१६ साली त्याची रवानगी न्यूयॉर्कला झाल्यावर जेव्हा मायकेल कार्टर-विल्यम्स ह्या नव्या खेळाडूस १ हा क्रमांक देण्यात आला, तेव्हा शिकागोकरांचा क्षोभ पाहून त्याने तो सोडून ७ घेतला. संघाने हुकूम काढण्यापूर्वीच लोकांनी तो क्रमांक मनोमन निवृत्त केलेला होता. आपल्याकडेही २०१७ साली कोलंबोत पदार्पण करताना पालघरच्या शार्दूल ठाकूरने सचिन तेंडुलकरचा १० हा क्रमांक पाठीवर घेतला, तेव्हा असाच क्षोभ उसळून त्यास ५४ घ्यावा लागला होता. लोकस्मृतीचा हा कौल संघाच्या कारभाऱ्यांनी शिरसावंद्य मानलाच पाहिजे असे नाही. परंतु पुरावा म्हणून तो दाखल करून घेणे मात्र त्यांचे कर्तव्य आहे.

येथे एका धोक्याचा उल्लेख केल्यावाचून हा आढावा प्रामाणिक ठरणार नाही. शस्त्रक्रियेनंतर आठ दिवसांनी रॉय मैदानात उतरला ही गोष्ट आपण भारावून सांगतो. वॉल्टन मोडक्या पावलाने खेळला आणि २००० सालच्या निर्णायक फेरीत डेट्रॉइटचा ग्रँट हिल दुखऱ्या घोट्यावर खेळत राहून अखेर तो मोडून बसला, याही कथा आपण शौर्यगाथा म्हणून कथन करतो. परंतु ह्या शौर्याची किंमत त्या तरुणांनी आपल्या उर्वरित आयुष्याच्या चालण्याफिरण्याने मोजली. देहाचा असा होम केल्याबद्दल ध्वज मिळतो अशी समजूत जर विशीतल्या मुलांच्या मनात रुजली, तर हा मान आशीर्वाद न राहता शाप होईल. म्हणून क्रमांक निवृत्त करण्याचे कारण दुखापत हे कधीही असता कामा नये. त्याच न्यायाने, क्रमांक नाकारण्याचे कारणही दुखापत होता कामा नये. कारण गुडघ्यातील कूर्चा झिजणे हा चारित्र्याचा दोष नव्हे, आणि ज्या संघाने त्याच गुडघ्यांवर पाच वर्षे विजय मिळविले त्याने तर तो दोष म्हणून नोंदविणे मुळीच शोभणारे नाही. दुखापत ही ह्या तराजूच्या कोणत्याच पारड्यात घालावयाची वस्तू नाही. पारड्यात घालावयाचे ते फक्त घडलेले कार्य. त्याची उंची किती, त्याने संघाचे आणि नगराचे जीवन कितपत पालटले, आणि ते योगायोगाचे भासू नये इतका काळ टिकले की नाही. एखाद्या गायकाचा कंठ अकाली बसला, म्हणून त्याने गाजविलेल्या मैफली कोणी रद्दबातल ठरवीत नाही, आणि न झालेल्या मैफलींबद्दल त्यास बिदागीही देत नाही; तसेच हे आहे.

ह्या कसोटीवर वरील आक्षेपांचे आपोआप निरसन होते, आणि त्यांतला सत्यांशही जपला जातो. ‘काय झाले असते’ ह्या कल्पनेस मान देऊ नये हा आक्षेप सर्वस्वी मान्य करावयास हवा. म्हणूनच २००७ च्या निवडीत पहिला आलेला ग्रेग ओडन, ज्याच्या गुडघ्यांनी त्यास पोर्टलंडसाठी अवघे ८२ सामने खेळू दिले, तो आपल्या पूर्ण सहानुभूतीस पात्र असला तरी ह्या मानास पात्र नाही, कारण त्याच्या ठायी वचन होते, फलश्रुती नव्हती. मोबदल्याचा आक्षेप तर गैरलागूच आहे: वेतनाने श्रमाची फेड होते, मान हा निराळ्या खात्यातला व्यवहार आहे, आणि वेतन मिळाले म्हणून मान नाकारावयाचा तर दीर्घायुषी खेळाडूंनाही तो नाकारावा लागेल, कारण त्यांना वेतन अधिकच मिळालेले असते. दीर्घ सेवेचा मोठेपणा कमी होतो ही भीतीही अनाठायी आहे, कारण मानास पोहोचण्याच्या वाटा एकाहून अधिक असू शकतात. पोर्टरची वाट अखंड निष्ठेची होती, वॉल्टनची अल्पकाळच्या अत्युच्च शिखराची, आणि दोघांचे ध्वज शेजारी असल्याने कोणीही उणा ठरलेला नाही.

क्रमांकांच्या टंचाईचा व्यावहारिक प्रश्न उरतो, त्यास पूर्वसूरींनीच सुंदर उपाय योजून ठेवले आहेत. बोस्टनचा जिम लॉस्कटॉफ याने आपला १८ हा क्रमांक पुढल्या खेळाडूंसाठी मोकळा ठेवण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा संघाने त्याच्या लाडक्या नावाचा ध्वज वर चढविला. पुढे तोच क्रमांक घेऊन डेव्ह काउअन्सने अजिंक्यपदे जिंकली आणि अखेर त्याच्या नावे तो निवृत्त झाला. टोरोंटोत तर स्वतः एस बेलीनेच १९६८ साली आपला ६ हा क्रमांक रॉन एलिस ह्या तरुण खेळाडूने घालावा अशी इच्छा प्रकट केली आणि तो त्याच्या हवाली केला. ज्यांचे कार्य आदरणीय असूनही वरील कसोटीस अपुरे पडते, त्यांच्यासाठी नावाचा ध्वज किंवा संघाचे स्वतःचे सन्मानगृह ह्या वाटा मोकळ्या आहेत. आणि ज्यांचा क्रमांक निवृत्त झाला त्यांना तो एखाद्या योग्य वारसास सुपूर्द करण्याचा हक्क तहहयात असावा. जोडीस प्रत्येक संघाने आपले नियम लेखी जारी करावेत, खेळाडूच्या निवृत्तीनंतर भावनेचा भर ओसरण्यापुरती काही वर्षांची मुदत मुक्रर करावी, आणि निर्णय घेणाऱ्या समितीत जुने खेळाडूही असावेत, म्हणजे आज मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेला हा मान उद्या न्यायावर उभा राहील.

ब्रँडन रॉयच्या बाबतीत ती मुदत केव्हाच उलटून गेली आहे. त्याने पुढे सिॲटलमध्ये शाळकरी मुलांचा प्रशिक्षक होऊन २०१६-१७ च्या मोसमात नेथन हेल शाळेच्या संघास २९ पैकी २९ सामने जिंकून दिले, आणि त्याच्याकडे पाहून हळहळण्याचे दिवस सरले आहेत; आता त्याच्या कार्याकडे निर्विकार दृष्टीने पाहता येते. त्या दृष्टीसही जे दिसते ते पुरेसे आहे: तीन वेळा ऑल-स्टार, बुडत्या संघाचा उद्धार, आणि तुटलेले नगर पुन्हा संघाशी जोडणारा खेळ, हे सारे प्रत्यक्ष घडलेले आहे, त्यात एकही गोष्ट कल्पनेतली नाही. पेट्री, नील आणि वॉल्टन यांना ज्या संघाने हा मान दिला, त्याने रॉयला तो नाकारण्यास आपल्याच दफ्तरात आधार सापडणार नाही. पोर्टलंडने त्याचा ७ हा क्रमांक निवृत्त करावा, आणि त्या प्रसंगीच्या भाषणांत गुडघ्यांविषयी कमी आणि खेळाविषयी अधिक बोलले जावे. कारण लोकांनी त्याच्यावर प्रेम केले ते त्याच्या दुर्दैवासाठी नव्हे, त्याच्या खेळासाठी.